प्रोजेक्टपुरती हळद

दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझं दुसरं लग्न ठरलं, आणि ही बातमी मला सगळ्यात शेवटी कळली.

ती पसरली तेव्हा मी सुरमईचं कालवण ओरपून, बनियनवर, पंख्याखाली घोरत पडलो होतो. माझी पहिली (आणि एकुलती एक) बायको सुवर्णा स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. म्हणजे नवरदेव झोपलेला, बायको भांड्यात, आणि अख्ख्या नवी मुंबईत आमच्या नव्या नवरीचा शोध चाललेला!

याची सुरुवात आमच्या श्रावणीने केली. श्रावणी माझी मुलगी, नववीत आहे. शाळेत तिला प्रोजेक्ट मिळाला होता : विद्यार्थी आणि इंटरनेटचा जबाबदार वापर. बाकीच्या पोरांनी तक्ते रंगवले. हिच्या बाईंनी मात्र हिच्या गटाला वेगळंच काम दिलं. आपल्या भागातल्या एखाद्या जुन्या गोष्टीचा छोटा व्हिडिओ स्वतः बनवायचा. नेटवरून काहीही उचलायचं नाही. व्हिडिओत जो दिसेल त्याला आधी विचारायचं, ज्याची कला त्याचं नाव सांगायचं, आणि तो म्हणेल तेवढ्याच लोकांना दाखवायचा.

"त्यात काय एवढं?" मी म्हटलं. "नेटवरून एखादा व्हिडिओ खेच, खाली तुझं नाव टाक. कोण बघायला येतंय?"

"बाबा, असं करू नये, यावरच तर प्रोजेक्ट आहे!"

"मग उत्तम! उदाहरणासकट होईल."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मला ओळखीची आहे. ती तिला आईकडून मिळाली आहे.

माझीही बाजू ऐकून घ्या. मी एपीएमसी मार्केटात कांदा-बटाट्याच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला आहे. सकाळी भाव आला की तो दहा ठिकाणी पुढे ढकलायचा, हे माझं काम. इतकी वर्षं ते केल्यावर माझ्या अंगठ्याला आलेली गोष्ट आत ठेवायची सवयच राहिलेली नाही. आला मेसेज की ढकल पुढे! हळद कॅन्सरपासून पादत्राणांपर्यंत सगळ्यावर चालते, हा मेसेज तर मी एकाच माणसाला तीनदा पाठवलेला आहे.

तर श्रावणीने विषय निवडला धवला. आम्ही आगरी. आमच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती म्हणजे जुनी जाणती बाई, जी प्रत्येक विधीला त्याचं त्याचं गाणं म्हणते. ते गाणं म्हणजे धवला. माझी हिराआत्या आमच्या गावठाणातली शेवटची धवलारीण. वय झालंय, गुडघे गेलेत, पण आवाज असा की समोरच्या बिल्डिंगमधली कबुतरं उडतात.

जुईनगरच्या आमच्या सोसायटीपासून गावठाण रिक्षाने पाच मिनिटांवर. श्रावणी गेली आणि सरळ विचारलं, "आत्याआजी, एक धवला म्हणशील? मला रेकॉर्ड करायचाय."

"पोरी, धवला काय रेडिओवरचा गाना हाय, बटन दाबला का वाजला?" आत्या म्हणाली. "मांडव नाय, हलद नाय, नवरा नाय, आन् मी कोनासाठी गाऊ? भिंतीसाठी?"

"मग काय करायचं?"

"नवरा बसव. पाटावर. हलद लाव त्याला. मंग गाईन."

श्रावणी घरी आली आणि तिने आमच्याकडे बघितलं. मी सुवर्णाकडे बघितलं.

"मी नाही बसणार," सुवर्णा म्हणाली. "एकदा बसले होते, तिथून अजून उठता आलेलं नाही."

उरला कोण? मी!

रविवारी सकाळी आत्या आली ती ताजी कुटलेली हळद घेऊनच. आमच्या हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला, पाट मांडला, वाशीहून आणलेल्या मुंडावळ्या माझ्या कपाळाला बांधल्या. (कपाळ आता बरंच मागे सरकलं आहे, त्यामुळे त्या कुठे बांधायच्या यावर थोडी चर्चा झाली.) श्रावणीने सगळ्यांचे फोन सायलेंट करायला लावले. माझ्या फोनचा कॅमेरा चांगला म्हणून तो शूटिंगला घेतला आणि सुवर्णाच्या हातात दिला. मग श्रावणी आत्यासमोर जाऊन बसली.

"आत्याआजी, कुणाकुणाला दाखवू?"

"तुज्या बाईना दाखव. तुज्या वर्गाला दाखव. त्याच्या भायेर नाय. आन् माजा नाव सांग, हिराबाय. पुरा सांग."

"सांगते. बाबा, तुमची परवानगी?"

"घे गं! बापाला काय विचारायचं?"

"विचारायचं असतं."

आणि आत्या गायला लागली. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. माझ्या खऱ्या हळदीलाही तीच गायली होती, पण तेव्हा डीजे एवढा दणदणत होता की मला तिचं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. इतक्या वर्षांनी, सोफ्याच्या शेजारी पाटावर बसून, मी माझ्या लग्नाचा धवला पहिल्यांदा ऐकला. सुवर्णानेही डोळे पुसले. (नंतर म्हणाली, हळद उडाली डोळ्यात.)

आत्याला रिक्षात बसवून दिलं. श्रावणीने व्हिडिओ तिच्या टॅबवर घेतला आणि म्हणाली, "आता तुमच्या फोनमधला पुसते."

"थांब जरा. मला एकदा बघू दे."

"एकदाच हां," म्हणून ती अंघोळीला गेली.

मी बघितला. पुन्हा बघितला. आणि माझ्या लक्षात आलं की पिवळ्या रंगात मी भलताच देखणा दिसतो! गालावरचे खड्डे भरून निघालेले, मुंडावळ्यांमुळे टक्कल झाकलेलं, चेहऱ्यावर तेज. असा मी रोज दिसत नाही. आता एवढं रूप फोनमध्ये कोंडून ठेवायचं? फोन माझा, तोंड माझं, हळद माझी. परवानगी तरी कुणाची घ्यायची? मी मलाच विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं.

तीस सेकंदांचा तुकडा कापला, मागे आत्याचा आवाज, वर लिहिलं ‘लागली रे हळद!’, आणि ठेवला स्टेटसला. मग जेवलो आणि झोपलो.

पुढची हकीकत श्रावणीने नंतर सगळ्यांना विचारून जुळवली. माझ्या पनवेलच्या चुलतभावाने स्टेटस बघितलं, उतरवून घेतलं आणि भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकलं : ‘जगन्या पाटावर बसलाय. बाजूला सुवर्णावहिनी दिसत नाय.’

आता सुवर्णा दिसणार कशी? फोन तिच्याच हातात होता! पण हे कोणाला सुचावं? ग्रुपवर एकाने विचारलं, मग बाजूला कोण आहे? दुसरा म्हणाला, बाजूला कोणी नाही म्हणजे लपवतायत. तिसऱ्याने नवरी नेरुळची असल्याचं सांगितलं, चौथ्याने ती बँकेत असल्याचं. दुपारी दोनपर्यंत तिची बदली बेलापूर शाखेत झाली होती! एका काकीने तर तिला बघितलंसुद्धा होतं. ‘रंगानं उजवी आहे, पण उंच आहे, जगनला शोभायची नाही.’ माझी मावशी याच्यावर भडकली नव्हतीच. तिचा राग वेगळा होता : हळद लागली आणि मला आमंत्रण नाही?

लोकांनी खात्री करायला फोन केले नाहीत असं नाही. भरपूर केले. मला केले, सुवर्णाला केले. पण घरातले सगळे फोन सायलेंट. त्यामुळे आम्ही तोंड लपवतोय हेही सिद्ध झालं.

आणि मग तो व्हिडिओ उरणला पोचला. उरण म्हणजे सुवर्णाचं माहेर. तिथे तिचे तीन भाऊ राहतात. तिघेही बंदराच्या बाजूला कंटेनरच्या गोदामात आहेत, आणि तिघांचेही दंड माझ्या मांडीएवढे आहेत.

इंटरकॉम वाजला तो सुवर्णाने घेतला. खालून वॉचमन बोलत होता.

"मॅडम, उरण से टेम्पो आया है. पाँच-छह लोग हैं. काम पूछा तो बोलते हैं, मारना है."

"किसको मारना है?"

"साहब को."

सुवर्णाने क्षणभर विचार केला. "भेजो," ती म्हणाली.

मला जाग आली ती छातीवर पडलेल्या हाताने. डोळे उघडले तर मोठा मेहुणा हरेश समोर! त्याच्यामागे बाकीचे दोघे, त्यांच्यामागे दारात चपलांचा ढीग. मी उठून बसलो. आणि मी अजून पिवळाच होतो. आत्या म्हणाली होती, संध्याकाळपर्यंत हळद पुसू नको.

"नाव सांग तिचा!" हरेश गरजला.

"कोणाचं?"

"जिच्यासाठी पिवला झालास तिचा!"

"अरे, ते... प्रोजेक्ट आहे!"

"प्रोजेक्ट?" मधला मेहुणा पुढे आला. "माजे बहिनीचे संसाराचा प्रोजेक्ट करतस?"

एवढ्यात सासूबाई आत शिरल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सुवर्णाच्या गळ्यात पडल्या. "माजे बाय गं! तुज्यात या मेल्याला काय कमी दिसला, म्हून दुसरी आनतो?"

मी सुवर्णाकडे बघितलं. एक वाक्य. तिने एक वाक्य बोलायचं होतं, ‘अरे, शूटिंग मीच केलंय’, आणि मी वाचलो असतो. पण सुवर्णाच्या चेहऱ्यावर एक शांत, समाधानी भाव होता. तिने पदर खोचला आणि गप्प उभी राहिली. हरेशने माझ्या घोरण्यापासून ते सासरी जेवायला आल्यावर खालच्या मानेने मोबाईल बघण्यापर्यंत एकेक काढलं. तिने मान डोलावली. मधल्याने माझ्या आळसाचं काढलं. तिने त्यात एक-दोन मुद्दे घातलेसुद्धा! माझ्या लग्नाच्या इतक्या वर्षांत माझ्या विरुद्धची बाजू इतकी व्यवस्थित मांडली गेली नव्हती. सगळं बोलून झाल्यावर, पाणी वगैरे देऊन, ती म्हणाली, "अरे, ते खरंच प्रोजेक्ट आहे. फोन माझ्याच हातात होता."

धाकट्या मेहुण्याने माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि त्याच हाताने बशीतली चकली घेतली.

मी हुश्श केलं. पण तेवढ्यात श्रावणी बाहेर आली. तिच्या हातात सुवर्णाचा फोन होता आणि त्यावर माझा पिवळा चेहरा.

"बाबा, हा तुम्ही टाकलात?"

"स्टेटसला फक्त. उद्या आपोआप जातं ते."

"यात आत्याआजीचा आवाज आहे!" तिचे डोळे भरून आले होते. "मी तिला शब्द दिला होता. माझ्या वर्गाच्या बाहेर जाणार नाही म्हणून."

मेहुण्यांच्या दंडांना मी घाबरलो होतो, पण खरा घाबरलो तो या वाक्याला. मी पटकन स्टेटस पुसलं. "बघ, पुसलं!"

"इथलं पुसलं. बाकीच्यांचं?"

आणि ती पोरगी हॉलच्या कोपऱ्यात बसून एकेकाला फोन करायला लागली. पनवेलच्या काकाला, मावशीला, उंच नवरी बघितलेल्या काकीला. "काकी, तो व्हिडिओ पुसाल का प्लीज? त्यातलं गाणं आत्याआजीचं आहे, तिला विचारलेलं नव्हतं." काकी म्हणाली, "पुसते, पण ती बँकेतली खरी ना?"

तेवढ्यात हिराआत्याच आली. एवढे गुडघे दुखत असताना पायऱ्या चढून आली, कारण लिफ्टमध्ये तिला गुदमरतं. गावठाणातल्या कुणीतरी तिला तो व्हिडिओ दाखवला होता. आणि तोवर कुणा हौशी माणसाने आत्याच्या धवल्याखाली डीजेचा ठेका घातला होता. धम-धम-धम, आणि मध्ये मी मान डोलावताना तीन-तीनदा दिसत होतो!

आत्या ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सोफ्यावर बसली आणि मला म्हणाली, "जगन्या, ती गानी माना माजे आयेनी दिली. मी त्यातला एक तुजे पोरीला दिला. तू तो नाक्यावर नेऊन वाजवलास."

मला मनापासून लाज वाटली, आणि तोंड पिवळं असल्यामुळे ती कुणाला दिसतही नव्हती.

श्रावणी टॅब घेऊन तिच्या पायाशी बसली. "आत्याआजी, चूक बाबांची असली तरी फोनमधला व्हिडिओ मी आधी पुसायला पाहिजे होता. तू नको म्हणालीस तर मी हा पण पुसते. प्रोजेक्ट नाही दिला तरी चालेल."

"अगं, तीन दिवसांवर आलंय ना द्यायचं?" सुवर्णा म्हणाली.

"आवाज तिचा आहे, आई."

तिने व्हिडिओवर बोट ठेवलं. आत्याने तिचं मनगट धरलं.

"थांब," आत्या म्हणाली. तिने माझ्या मुंडावळ्यांकडे बघितलं. (त्या मी झोपेतही काढल्या नव्हत्या.) "हलद लागली. धवला झाला. देवांना बोलावला. आता लगीन नाय लागला तर माजा धवला खोटा पडल. आजपर्यंत माजा एकपन धवला खोटा पडला नाय."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजे तू लगीन कर. मंग पोरगीनं धवला खुशाल वर्गात दाखवावा. लगीन नाय, तर धवला पन नाय."

"पण कोणाशी?"

"तुज्या बायकोशी, मेल्या! आनखी कोनाशी?"

सासूबाईंनी टाळीच वाजवली. हरेश म्हणाला, "टेम्पो आनलाच हाय, खुर्च्या आमी आनतो." मधल्याने डीजे सांगायला फोन उचलला, आत्याने नुसतं बघितलं, त्याने खाली ठेवला. धाकट्याने कोळंबीची जबाबदारी घेतली. मावशीला फोन करून सगळ्यात आधी आमंत्रण दिलं, तेव्हा ती म्हणाली, "बघितलं? मी म्हटलंच होतं लग्न आहे म्हणून!" सोसायटीच्या सेक्रेटरींनी दारात डोकावून पार्किंगमध्ये मांडव घालायला हरकत नसल्याचं सांगितलं, फक्त दुचाकी गाड्यांना जागा सोडा. पंधरा मिनिटांत सगळं ठरलं. मंगळवारी संध्याकाळी हार घालायचे, बुधवारी श्रावणीने प्रोजेक्ट द्यायचा. माझ्या पहिल्या लग्नाची बोलणी तीन महिने चालली होती!

"सुटलो," मी श्रावणीला म्हटलं. "तुझं काम झालं."

"आईला विचारलं का कुणी?" श्रावणी म्हणाली.

हॉलमधले सगळे वळले. सुवर्णा हात पुसत उभी होती.

"अगं, तिला काय विचारायचं?" मी हसलो. "ती बायकोच आहे माझी."

हे वाक्य मी बोलायला नको होतं, हे मला हरेशच्या तोंडाकडे बघूनच कळलं.

"विचार करून सांगते," सुवर्णा म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

मंगळवार गेला. बुधवार गेला. कोळंबी धाकट्या मेहुण्याच्या घरच्यांनीच खाल्ली. बाईंना सगळी हकीकत सांगितल्यावर त्यांनी हसत हसत श्रावणीला मुदत वाढवून दिली, वर मला निरोप पाठवला की पालकांनीही थोडा प्रयत्न करावा. मी केला. आठवडाभर स्वतःचं ताट स्वतः उचललं. जेवताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला. एकदा तर कपडेसुद्धा वाळत घातले, आणि ते कोणाला दिसावेत म्हणून खिडकीच्याच बाजूला घातले. आत्या रोज गावठाणातून विचारते, "व्हय म्हनली का?" श्रावणी रोज माझ्याकडे बघते.

काल शेवटी धीर करून मी सुवर्णासमोर बसलो. "अगं, पोरीचा प्रोजेक्ट अडलाय. हो की नाही ते तरी सांग. पहिल्या वेळी तर माझा एक फोटो बघून चहा गार व्हायच्या आत हो म्हणाली होतीस!"

"हो ना," सुवर्णा म्हणाली. "तेव्हा तुम्हाला ओळखत नव्हते."

मी पुढे काही बोललो नाही. मुलगी विचार करत असताना स्थळाने जास्त तोंड उघडू नये, हातातलंही जातं.